ब्रह्मपुरीच्या उन्हात प्रोसेसर

खेळांसाठी घरच्या घरी संगणक जुळवू पाहणारा ब्रह्मपुरीचा तरुण पुण्या-मुंबईच्या शिफारशी शिरोधार्य मानतो. परंतु मे महिन्यात जेथे पारा 45 अंशही ओलांडतो आणि घरोघरी कूलर अहोरात्र घरघरत असतो, तेथे पहिला विचार वेगाचा नव्हे, उष्णतेचा व्हावयास हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. खोलीतील हवा जितकी तप्त, तितका प्रोसेसर अधिक तापतो, आणि ठरावीक मर्यादेपाशी पोहोचताच स्वसंरक्षणार्थ आपली गती आपणच मंद करतो. म्हणजे पूर्ण भारावर 253 वॉटपर्यंत वीज ओढणाऱ्या इंटेलच्या कोअर आय9-14900केसाठी मोजलेली रक्कम ऐन उन्हाळी सुटीत, खेळण्याच्या खऱ्या हंगामातच, बव्हंशी व्यर्थ जाण्याचा संभव. त्यापेक्षा 65 वॉटचा रायझन 5 5600 पत्करावा आणि शिल्लक पैसा ग्राफिक्स कार्डाकडे वळवावा; बहुतेक खेळांची मदार त्यावरच असते. पेटी हवेशीर हवी, आणि कूलरचा दमट झोत (हा मोह आमच्याकडे सर्वांनाच होतो) तिच्यावर सोडू नये. पॉवर सप्लायची क्षमता 40 अंशांवर मोजली आहे की 50 अंशांवर, हे मात्र नागपुरात खरेदीला गेल्यावर दुकानदारास अवश्य विचारा.