हजेरी भरली, पण प्रश्न कुठे आहे?

संत तुकाराम नगरच्या मेट्रो स्थानकावर सकाळी उतरणाऱ्या गर्दीत पाठीला सॅक लावलेली मुलेमुली पुष्कळ असतात. मार्च २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाली, पण डॉ. डी. वाय. पाटील संकुलामुळे पिंपरीच्या या वसाहतीला विद्यार्थ्यांची वर्दळ त्याआधीही सवयीचीच होती. सत्र संपत आले, की या वयाच्या मुलांच्या बोलण्यात दोन शब्द हमखास येतात. 'डिफॉल्टर' आणि 'सबमिशन'. हे दुखणे एखाद्या कॉलेजचे नव्हे, घरोघरचे आहे.

डिफॉल्टर म्हणजे पंचाहत्तर टक्के हजेरी न भरलेला. सबमिशन म्हणजे जर्नले पुरी करून, सह्या घेऊन जमा करणे. मग एकाची वही दहा जण उतरवतात. इंजिनिअरिंगची मुले काचेखाली दिवा लावून मित्राची ड्रॉइंग शीट जशीच्या तशी गिरवतात. या विद्येला 'जीटी', म्हणजे ग्लास ट्रेसिंग, असे रीतसर नावही आहे! हजेरी भरते, वही भरते, गुण पडतात. शिकण्याचे काय, हे कोणी विचारत नाही.

अंतर्गत गुणांची कल्पना मुळात वाईट नाही. तीन तासांच्या एका पेपरवर वर्षाचा निकाल ठरू नये, हे कोणालाही पटेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये श्रेयांक पद्धतीसाठी दहा अंकी श्रेणीची मार्गदर्शक तत्त्वे दिली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सततच्या मूल्यमापनावर भर दिला. शंभरातले तीस गुण कॉलेजच्या हाती, हे कोष्टक आता अनेक अभ्यासक्रमांत आहे. काही जण म्हणतात, हे गुण प्रसादासारखे वाटले जातात, ते बंदच करा. मला हे पटत नाही. मुलाला प्रश्न पडतो का, हे लेखी पेपरला कधीच कळणार नाही. वर्गातल्या शिक्षकालाच ते कळू शकते.

अडचण आहे ती 'सहभाग' या शब्दाच्या अर्थाची. साठ जणांच्या वर्गात पुढच्या बाकावरचा, फर्डे इंग्रजी बोलणारा मुलगा पटकन नजरेत भरतो. खेड-जुन्नरकडून आलेली, मराठी माध्यमातून शिकलेली मुलगी मनातल्या मनात इंग्रजी वाक्य जुळवते, तोवर सर पुढच्या मुद्द्यावर गेलेले असतात. तिला उत्तर येत असते, पण गुण जातात. तिच्या गप्प बसण्याला आपण 'सहभाग नाही' म्हणणार का?

उपाय खर्चाचे नाहीत. सहभागाचे गुण कशाला मिळणार, हे पहिल्याच दिवशी लिहून द्यावे. चिठ्ठीवर लिहिलेला प्रश्न, मराठीत मांडलेली शंका, शेजारच्याला समजावून सांगितलेले गणित, हे सारे सहभागात धरावे. आणि गुण सत्राच्या मध्यावर, कारणासह दाखवावेत, म्हणजे सुधारायला वेळ राहील. शेवटच्या दिवशी कळलेला आकडा नुसता निवाडा असतो, त्यातून शिकणे होत नाही. अर्थात, साठ मुलांकडे असे लक्ष द्यायचे तर शिक्षकाच्या डोक्यावरचे कागदी काम आधी उतरवावे लागेल.

आपल्या या पट्ट्यातल्या कारखान्यांना ही गोष्ट केव्हाच उमगली आहे. सुट्या भागांचा ट्रे हाताशी सरकवला तर फेरी वाचेल, असे एखाद्या कामगाराने सुचवले, तर त्याला 'कायझेन' म्हणतात आणि सुचवणाऱ्याचे कौतुक करतात. तिथे नुसते कार्ड पंच केल्याचे कौतुक होत नाही. मशीनपुढे उभ्या असलेल्या माणसाने विचार करावा असे आपल्याला वाटते. मग बाकावर बसलेल्याने नुसते हजर राहावे, हे कसे चालेल?

आणि आपण आईवडील? मूल घरी आले, की 'किती मार्क पडले?' हे आपण विचारतोच. 'आज वर्गात काय विचारलेस?' हेही विचारून पाहू या. ज्यांचे नाव या वसाहतीला आहे, त्या तुकोबांनी तर प्रत्यक्ष विठ्ठलालाही जाब विचारला. आपल्या मुलांना निदान सरांना शंका विचारायचे धैर्य व्हावे, एवढी अपेक्षा काही फार नाही.