कोशिंबीर पोरांच्या हातची व्हावी



लागण, बेणे, खत याविषयी आम्ही नेहमीच सांगतो. आज ताटाविषयी दोन शब्द. तोही शेतीचाच विषय आहे.

आपला भंडारा जिल्हा धानाचा. पाण्याची सोय झाली तिथे ऊसही आला. पण घरामागची वाडी मोडली आणि मुळा, सांबार, टमाटर बाजारातून येऊ लागले. ताटात भाताचा ढीग, हिरवे मात्र नावाला. २०१९-२० च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळले. त्यात आपल्याही लेकी-सुना आल्या.

शाळेच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे. पण पोराने भाजी ताटाच्या कडेला सारली तर नियम काय करणार? दुसऱ्याने वाढलेले पोर टाकते, स्वतः केलेले चाटून खाते. म्हणून कोशिंबीर करणे हा शाळेत शिकवायचाच विषय आहे, असे माझे मत आहे.

हे काही नवे खूळ नव्हे. १९३७ साली आपल्या विदर्भातच, वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. सेवाग्रामच्या शाळेत पिकवणे, सफाई आणि स्वयंपाक हेच शिक्षण होते.

आपण पिकाचा आराखडा करतो, तसा मुलांनी कोशिंबिरीचा करावा. एक पाला, एक करकरीत भाजी, एक कडधान्य, एक आंबट, थोडी तेलबी. उदाहरणार्थ मेथी, गाजर, मोड आणून वाफवलेले मूग, लिंबू आणि भाजलेल्या जवसाचा कूट. लिंबाने पाल्यातले व मुगातले लोह अंगी लागते; जवसाच्या तेलाने गाजरातले अ जीवनसत्त्व. वजन करताना गणित होते, धुताना आरोग्याचा धडा होतो.

कोणी म्हणतील, पोरं शाळेत भाजी चिरायला जातात काय? लहानांनी निवडावे, धुवावे, कालवावे; मोठ्यांनी गुरुजींसमोर किसणी, सुरी धरावी. आणि हे काम एकट्या मुलींच्या गळ्यात घालू नये. मुलगेही बसले पाहिजेत.

यात आपले काम काय? सुरू लागणीनंतर पहिले दोन महिने ऊस लहान असतो, सरीच्या बगलेला ऊन मिळते. तेवढ्यात मुळा, पालक, सांबार निघून येतात. मात्र ॲट्राझीन मारलेल्या जागेत पालेभाजी जगत नाही. तेव्हा शाळेसाठी दोन सऱ्या तणनाशकाशिवाय ठेवाव्या, निंदण हाताने करावे. त्या सऱ्यांवर किडीचे औषधही उडू देऊ नये. औषध लागलेला पाला पोरांच्या तोंडी जाता कामा नये.

शाळा व्यवस्थापन समितीत आपल्यापैकीच पालक बसतात. त्यांनी हा विषय पुढच्या बैठकीत काढावा. बियाणे मूठभर लागते, पाणी उसाचेच आहे. येत्या लागणीत गावोगाव दोन सऱ्या निघाल्या तरी पुष्कळ झाले.

— ऊस विकास अधिकारी