मशीन घरातल्या सर्वांत अशक्त माणसासाठी निवडा

"पुलडाउन मशीन घ्यायचे आहे, कोणते घेऊ?" हा प्रश्न हल्ली वाडीतली मुले आम्हाला विचारतात. आंबेनळी घाटाच्या पायथ्याला, पोलादपूरच्या बाजूला आमची बौद्धवाडी आहे. आम्ही यातले जाणकार म्हणून मुले आमच्याकडे येत नाहीत. आम्ही एकदा फसलो आहोत, म्हणून येतात.

तीन वर्षांपूर्वी वाडीतल्या पोरांनी आणि मुंबईकर मंडळींनी वर्गणी काढून असे एक मशीन आणले. मोबाईलवर फोटो पाहिला, 'शंभर किलो क्षमता' वाचली आणि पैसे भरले. पहिला पावसाळा संपायच्या आत केबलचे प्लॅस्टिक फाटून आतल्या तारा बाहेर आल्या. नवी केबल मागायला गेलो तर विकणारा फोन उचलेना. पण याहून मोठी चूक आम्हाला उशिरा कळली. त्या मशीनची पहिलीच प्लेट दहा किलोची होती आणि पुढची प्रत्येक पायरीही दहाची. साठीच्या मावशींना पहिली प्लेटच जड जाई. तरुण सुनांना दहा हलके आणि वीस अशक्य. बैठक अशी की दांडा धरायला उभे राहावे लागे, आणि बसले की पाय जमिनीला टेकत नसत. वर्गणी सगळ्या घरांची होती, व्यायाम मात्र पाच-सहा पोरांचा झाला.

म्हणून आमचे मत आज स्पष्ट आहे. मशीन किती जास्त वजन पेलते हे शेवटी बघा. ते किती कमी वजनावर चालते, हे आधी बघा.

हे मशीन म्हणजे काही मोठे गूढ नाही. डोक्यावर पुली, तिच्यावरून गेलेली केबल, एका टोकाला आडवा दांडा आणि दुसऱ्या टोकाला वजन. बसून दांडा खाली छातीपर्यंत ओढायचा आणि सावकाश वर सोडायचा. रहाटाची दोरी ओढतो तसेच. यात पाठीचे रुंद स्नायू, खांद्याचा मागचा भाग आणि दंड यांना काम मिळते. वीज लागत नाही. घाटात पाऊस सुरू झाला की आपल्याकडे वीज किती वेळ टिकते, हे सांगायला नको.

वाडीतली जाणती माणसे विचारतात, "आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कसला व्यायाम?" प्रश्न चुकीचा नाही. पण लावणीला दिवसभर कमरेत वाकून, डोक्यावर भारा वाहून, महाडच्या एमआयडीसीत पाळी करून शरीर एकाच बाजूने झिजते. वाकणे सगळे पुढे, पाठ सरळ करून ताकद लावणे फार थोडे. मजुरीत वजन किती उचलायचे हे मुकादम ठरवतो. व्यायामात ते आपण ठरवतो, आणि दुखले की तिथेच थांबतो. हा फरक लहान नाही. तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सूचनांत प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी असे आहेच, पण त्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायामही करावा असे म्हटले आहे. चालणे आपले होते. हा दुसरा भाग राहून जातो, आणि बायकांचा तर हमखास राहतो.

भरतीची तयारी करणाऱ्या मुलांसाठीही एक गोष्ट सांगून ठेवतो. महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावला उभी राहिली. फौजेची ओढ आपल्या घरांत त्याच्या कितीतरी आधीपासून आहे आणि आजही आहे. सैन्यभरतीच्या मेळाव्यांत बीमवर लटकून शरीर वर ओढायचे असते. दहा वेळा ओढले तर पूर्ण ४० गुण, आणि किमान सहा तरी लागतात, असा नियम चालत आला आहे. ज्याला एकही जमत नाही, त्याला पुलडाउनवर आपल्या वजनाच्या निम्म्यापासून सुरुवात करून वाढत जाता येते. पण पोलीसभरतीच्या मैदानी चाचणीत धावणे आणि गोळाफेक आहे, बीम नाही. त्या मुलाने मशीनच्या मागे लागण्याआधी बूट घ्यावेत आणि पळावे. आपण ज्या भरतीला उतरणार तिची जाहिरात आधी वाचा, खर्च मग करा.

आता निवडीकडे वळू.

पहिली गोष्ट वजनाची. बाजारात दोन प्रकार मिळतात. एकात वजनाच्या प्लेटांचा गठ्ठा मशीनमध्येच बसवलेला असतो आणि पिन सरकवून वजन बदलते. दुसऱ्यात नुसता दांडा असतो, त्यावर आपल्या प्लेटा आपण चढवायच्या. वाडीसाठी आम्ही दुसराच सुचवू. त्यात सव्वा किलो, अडीच किलो अशा लहान पायऱ्यांनी वजन वाढवता येते. त्याच प्लेटा डंबेलला, बारबेललाही चालतात. सामान सुटे असते, त्यामुळे टेम्पो वाडीच्या खाली थांबला तरी चार माणसे ते डोक्यावरून वर आणू शकतात. प्लेटांच्या भोकाचे माप मात्र आधी विचारा. एक इंची आणि दोन इंची असे दोन प्रकार सरसकट मिळतात, आणि एकाची प्लेट दुसऱ्यावर नीट बसत नाही. काही मशिनांत केबल अशी फिरवलेली असते की २० किलो लावले तरी हाताला १० च लागतात. ते वाईट नव्हे, उलट अशक्त माणसाला सोयीचेच आहे. फक्त आपल्या मशीनचा हिशेब कोणता आहे, हे ठाऊक हवे.

दुसरी गोष्ट उंचीची. ही मशिने साधारण साडेसहा ते साडेसात फूट उंच असतात. आपल्या कौलारू आणि पत्र्याच्या घरांत आढ्याखाली उंची मिळते, पडवीकडे मिळत नाही. घरातल्या सर्वांत उंच माणसाला स्टुलावर बसवा, हात सरळ वर करायला सांगा आणि जमिनीपासून बोटांपर्यंत माप घ्या. त्यावर एक फूट धरा. एवढी उंची हवीच. मग सर्वांत बुटक्या माणसाला बसवा. बैठक आणि मांडीवरची गादी खाली-वर होत नसेल तर ते मशीन घेऊ नका. मांडीवरची गादी शोभेची नसते. ओढताना शरीर वर उचलले जाऊ नये म्हणून ती असते.

तिसरी गोष्ट केबल आणि पुलीची. आमचे मशीन इथेच मेले. केबल पोलादी तारांची, वरून प्लॅस्टिकचे आवरण असलेली हवी. पुली मोठी असेल तर केबल कमी मुडपते आणि जास्त टिकते. पुलीत बेअरिंग आहे का ते विचारा. नुसत्या खिळ्यावर फिरणारी पुली घासते, मग पाच किलोचे वजन सात-आठ किलोचे वाटते. त्याचा त्रास पोरांना होत नाही, मावशींना होतो. घेतानाच केबलची लांबी, जाडी आणि पुलीचे माप बिलावर लिहून घ्या. हे सुटे भाग महाडला किंवा पनवेलला कोणत्याही दुकानात मिळतील का, हे पैसे भरण्याआधी विचारा. तुटलेल्या केबलला गाठ मारून किंवा क्लॅम्प लावून वापरू नका. ती सुटते तेव्हा डोक्यावरचा दांडा खाली येतो.

चौथी गोष्ट सांगाड्याची. चौकोनी पाइपाची जाडी दोन मिलिमीटरच्या आत नसावी. मशीन जमिनीला बोल्टने पक्के करता यावे. मशीन हलून पाहा. रिकामे असताना डुलते ते वजनाखाली जास्तच डुलेल. आपल्यातलीच कितीतरी मुले फॅब्रिकेशनच्या कामात आहेत. त्यांच्याकडून सांगाडा बनवून घेणे आम्हाला पटते, कारण दुरुस्ती घरातच होते. मात्र केबल, पुली आणि वजन ज्यावर सरकते ते गज तयार आणा. गज किंचित वाकडा असला तरी वजन अडकते आणि मग झटक्याने सुटते.

सांगाडा नसलेला, वर टांगायचा पुलीचा संचही मिळतो. तो स्वस्त असतो, म्हणून मोह होतो. पण साधा हिशेब करा. पुलीच्या एका बाजूला ४० किलो वजन आणि दुसऱ्या बाजूला तेवढाच हाताचा जोर, म्हणजे वरच्या हुकावर ८० किलोंचा भार येतो. तो पत्र्याच्या अँगलला किंवा जुन्या वाशाला टांगू नका. सिमेंटचा बीम असेल तरच विचार करा.

पाचवी गोष्ट पाण्याची. महाबळेश्वरच्या पायथ्याचा पाऊस लोखंडाला सोडत नाही. जूनच्या आधी गज पुसून हलके तेल लावा, केबलचे टोक न् टोक हाताने तपासा. महाड शहरातल्या सखल वस्त्यांतल्या बंधूंनी २२ जुलै २०२१ चा पूर आठवावा. बेअरिंगमध्ये गाळ गेला की मशीन भंगारात जाते. तिथे बोल्टने सुटे होणारे मशीनच घ्यावे, म्हणजे पाणी चढू लागले तर निदान पुली, केबल आणि बैठक वर नेता येईल.

राहिला प्रश्न, मशीन घरात की वाडीत? आमचे मत वाडीच्या बाजूने आहे. दहा बाय बाराच्या खोलीत मशीन आले की मुलांच्या अभ्यासाची जागा जाते. हप्त्यावर घेतलेले मशीन तीन महिन्यांनी कपडे वाळत घालायला वापरले जाते, हेही आम्ही पाहिले आहे. चार-पाच घरांनी मिळून एक चांगले मशीन घ्यावे आणि समाजमंदिराच्या बाजूच्या खोलीत ठेवावे. मुख्य सभागृहात नको. वर्षावासात ग्रंथवाचनाला माणसे बसतात, त्यांना अडथळा होता कामा नये. पण दोन अटी घाला. बायकांची वेळ ठरलेली असावी, आणि त्या वेळी पोरांनी तिकडे फिरकू नये. आणि केबल-पुलीसाठी दरमहा थोडी रक्कम बाजूला पडावी, तिचा हिशेब फळ्यावर लिहिलेला असावा.

वापराबद्दल थोडे. दांडा छातीपुढे ओढा, मानेमागे नको. ओढताना श्वास सोडा, कोंडू नका. रक्तदाब असणाऱ्यांनी हे विशेष पाळावे. मधुमेह असलेल्यांचा खांदा आखडण्याचा संभव जास्त असतो. हात वर जात नसेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, मशीनवर जोर काढू नका. मुलांनी एकटे असताना खेळ म्हणून लटकू नये.

आम्ही आता दुसरे मशीन केले आहे. सांगाडा वाडीतल्या पोराने जोडला, केबल-पुली तयार आणली. पैसे देण्याआधी केबल एका मावशींच्या हातात दिली आणि अडीच किलोवर ओढून पाहायला सांगितले. त्यांनी दहा वेळा ओढले आणि विचारले, "उद्या किती वाजता यायचं?" मग आम्ही पैसे दिले. तुम्हीही मशीन घ्याल तेव्हा वाडीतल्या सर्वांत दणकट पोराला घेऊन दुकानात जाऊ नका. आईला न्या.

जय भीम.