भांगेच्या झाडाचे औषध आणि आजींचा नियम



सांगलीच्या एका आजी सध्या मुलाकडे अमेरिकेत आहेत. त्यांच्या सात वर्षांच्या नातवास लेनॉक्स-गॅस्टॉट नावाचा हट्टी अपस्मार आहे. सून पहाटेच कामावर जाते, म्हणून सकाळचे औषध आजी पाजतात. ते भांगेच्या झाडापासून काढलेले आहे आणि त्यात अल्कोहोलही आहे, हे त्यांना चार महिन्यांनी कळले. ‘माझा मद्यत्यागाचा नियम मोडला का?’ असे त्यांनी विचारले आहे.

हे औषध एपिडायोलेक्स. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 साली त्यास मान्यता दिली. त्यातील मुख्य द्रव्य कॅनाबिडिऑल. गांजाची नशा आणणारे द्रव्य वेगळे असते, याने नशा होत नाही. ड्रॅव्हे नावाच्या, तितक्याच कठीण अपस्माराच्या 120 रुग्णांवरील चाचणी 2017 साली प्रसिद्ध झाली. औषध घेणाऱ्यांचे महिन्याचे मोठे झटके साधारण बारावरून सहावर आले. औषध नसलेले द्रावण घेणाऱ्यांचे जवळजवळ तेवढेच राहिले. झटके पूर्ण थांबलेली मुले मात्र थोडीच. (कलकत्त्यात डॉ. ओशॉनेसी यांनी चाळीस दिवसांच्या बालिकेचे झटके भांगेच्या अर्काने आवरल्याची नोंद एकोणिसाव्या शतकातली आहे. विषय आपल्याकडे नवा नाही.)

आता अल्कोहोल. या तिळाच्या तेलातील द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम औषध आणि सुमारे 79 मिलिग्रॅम अल्कोहोल असते. वीस किलोच्या मुलास दिवसाला 2 मिलिलिटर लागत असेल, तर अल्कोहोल दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास जाते. मात्रा अत्यल्प आहे. पण नियम मात्रेवर ठरत नाही, हे आजी जाणतातच.

मद्य का वर्ज्य, याची दोन कारणे अमृतचंद्राचार्यांच्या पुरुषार्थसिद्ध्युपायात येतात. मद्याने मन मोहित होते व धर्म विसरतो, हे एक. मद्य हे असंख्य जीवांचे उत्पत्तिस्थान आहे, हे दुसरे. पहिले कारण येथे लागू पडत नाही. उलट, झटक्यांनी ज्या बालकाचे भान हरपते, त्याचे भान राखण्यासाठीच हे दिले जाते. दुसरे कारण मात्र मी पुसून टाकू शकत नाही. कृत, कारित, अनुमोदना या त्रयीत आपण पाजणे हे कारित ठरते, ही आजींची शंकाही खरी आहे. त्यांनी महाराजांपाशी आलोचना करून प्रायश्चित्त घ्यावे. माझे मत एवढेच की, तोवर एकही मात्रा चुकवू नये. अपस्माराचे औषध एकाएकी बंद झाले तर झटके उसळतात आणि क्वचित जिवावरही बेततात. औषधदान हे चार दानांपैकी एक आहे, हेही त्यांनी आठवावे.

पत्राच्या शेवटी एक पोटप्रश्न आहे. सांगलीतील शेजारणीची नात स्वमग्न आहे, तिला झटके येत नाहीत. तिच्यासाठी बाजारात मिळणारे ‘विजया’चे तेल आणावे का? येथे मी स्पष्ट नको म्हणतो. स्वमग्नतेवरचा पुरावा अजून कच्चा आहे. इस्रायलमध्ये 150 मुलांवर व तरुणांवर झालेल्या चाचणीत वागणुकीच्या एका मोजणीत 49 टक्क्यांना चांगला फरक पडला, नुसते द्रावण घेणाऱ्यांपैकी 21 टक्क्यांना. दुसऱ्या काही मोजण्यांत तसा फरक दिसला नाही. शिवाय त्या तेलात नशेचे द्रव्यही थोडे होते. बाजारच्या बाटलीत ते किती आहे, हे घरी कोण मोजणार?

नातवाच्या बाबतीत दोन गोष्टी पाहाव्यात. या औषधाने यकृतावर ताण येऊ शकतो, विशेषतः सोबत व्हॅल्प्रोएट चालू असेल तर. म्हणून रक्ततपासणी टाळू नये. क्लोबाझाम चालू असेल तर मूल फार झोपाळू होते. तसे दिसल्यास सुनेने डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे.