प्रणयकथा आणि पराभूतांचा इतिहास

सेसिल बी. डीमिल यांच्या १९१७ च्या ‘द वुमन गॉड फरगॉट’ या मूकपटात मोक्तेसुमा या आझ्टेक सम्राटाची कन्या तेझ्का (भूमिकेत ऑपेरा-गायिका जेराल्डिन फेरार) स्पॅनिश सरदार अल्वाराडोच्या प्रेमापोटी नगरीची द्वारे शत्रूला उघडून देते. मेलोड्रामा, म्हणजे भावना टोकाला नेऊन रंगवणारा नाट्यप्रकार, साम्राज्याच्या विनाशाचा भार असा एका स्त्रीच्या हृदयावर टाकतो. प्रत्यक्षात १५२१ मध्ये तेनोच्तित्लान ही राजधानी पडली ती प्रदीर्घ वेढा, देवीच्या रोगाच्या साथीने झालेला संहार आणि आझ्टेकांचे जुने वैरी असलेल्या त्लाश्कालाच्या सैन्याने स्पॅनिशांना दिलेली साथ यांमुळे. शिवाय पडद्यावर नायक ठरलेल्या अल्वाराडोनेच १५२० मध्ये उत्सवासाठी जमलेल्या निःशस्त्र आझ्टेकांची कत्तल घडवली होती. भव्य दृश्ये आणि उत्कट अभिनय यांसाठी असे मूकपट जपलेच पाहिजेत. मात्र जेत्याला प्रियकराचे रूप देणारी कथा आक्रमणालाही मोहक करते, हे ओळखून त्यांच्याशेजारी पराभूतांचा इतिहास ठेवणे ही चित्रपट-अभ्यासाची नैतिक जबाबदारी आहे.