व्हिस्कीचें पिंप आणि जवाचें शेत

शेतकऱ्यांच्या मासिकानें व्हिस्कीविषयीं लिहावें, हें कांहीं वाचकांस विचित्र वाटेल. मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. दारूनें उजाड झालेलीं घरें आमच्या वाचकांनीं आपापल्या गांवीं पाहिलेलीं आहेत. परंतु व्हिस्की हा मूळचा धान्याचा माल आहे. जव, गहूं व मका पेरणाऱ्याच्या कष्टावर तो उभा आहे. आणि शेतांतून निघालेलें धान्य बाटलींत बंद होईपर्यंत त्याचें नांव, गांव व मोल कोठें हरवतें, हा प्रश्न ऊंस किंवा कापूस पिकविणाऱ्यासही परका नाहीं. म्हणून लंडन येथील एका लहान मिश्रणकाराची हकीगत आम्ही येथें देत आहों.

इ. स. २००० सालीं जॉन ग्लेझर या अमेरिकन गृहस्थानें 'कंपास बॉक्स' नांवाची पेढी काढली. त्यापूर्वीं तो जॉनी वॉकर या प्रसिद्ध व्हिस्कीच्या विक्रीखात्यांत अधिकारी होता. त्याची स्वतःची भट्टी नव्हती. स्कॉटलंडांतील निरनिराळ्या भट्ट्यांवर गाळलेली व्हिस्की विकत घ्यावयाची, जरूर तर आपल्या निवडीच्या पिंपांत आणखी मुरवावयाची आणि मग मिसळावयाची, एवढाच त्याचा धंदा. त्याची पहिली व्हिस्की 'हेडोनिझम' ही तर केवळ ग्रेन व्हिस्कीची, म्हणजे मोठे कारखानदार ज्या प्रकाराकडे भरतीचा स्वस्त माल म्हणून पाहात, त्याचीच होती.

मिसळणें म्हणजे भेसळ करणें नव्हे. एका भट्टीचा माल पीटच्या धुरानें धुरकट, दुसरीचा फळांच्या वासाचा, तिसरीचा मऊ. त्यांचा मेळ घालणें ही एक विद्याच आहे, आणि एडिंबरोच्या अँड्र्यू अशर यानें इ. स. १८५३ सालीं आपलें मिश्रण बाजारांत आणल्यापासून स्कॉटलंडचा मोठा व्यापार याच विद्येवर चालला आहे. मिश्रण घेणाऱ्यापासून लपविलें म्हणजे भेसळ होते. आमच्या बाजूस ही गोष्ट कापसाच्या गांठींनीं शिकविली. चांगल्या धाग्यांत हलका कापूस दडपून पाठविण्याचा प्रकार इतका बोकाळला कीं, मुंबई सरकारास इ. स. १८६३ सालीं त्याविरुद्ध कायदा करावा लागला. बदलौकिक मात्र दडपणाऱ्या व्यापाऱ्याच्या जोडीला पेरणाऱ्याच्याही वांट्यास आला.

आतां पिंपाविषयीं. ताजी गाळलेली दारू पाण्यासारखी निर्मळ असते. तिचा रंग आणि स्वादाचा मोठा भाग लांकडांतून येतो. स्कॉच म्हणविण्यासाठीं ती ओकच्या, ७०० लिटरांहून मोठ्या नसलेल्या पिंपांत निदान ३ वर्षें स्कॉटलंडांतच मुरली पाहिजे. अमेरिकेंत बर्बन मुरविण्यास नवें, आंतून जाळलेलें पिंप लागतें. तेव्हां तेथें एकदां वापरलेलीं पिंपें पुन्हा त्या कामास येत नाहींत, तीं जहाजानें स्कॉटलंडांत जातात. लोणच्याची बरणी कितीही धुतली तरी पुढच्या खेपेस मागची आठवण देते. तसेंच या पिंपांचें आहे. म्हणून बर्बनच्या पिंपांतून काढून शेवटचे कांहीं महिने शेरी, पोर्ट, मदिरा किंवा रमच्या पिंपांत व्हिस्की ठेवण्याची रीत पडली. बॅल्व्हेनी भट्टीची इ. स. १९९३ ची 'डबलवुड' हें तिचें प्रसिद्ध उदाहरण. इ. स. २०१९ सालीं नियम सैल होऊन मेक्सिकोच्या टकीलाच्या पिंपांसही परवानगी मिळाली. यांतील कांहीं काम खरोखर कसबाचें आहे. पण कोंवळ्या व नीरस मालास चढविलेला भरजरी अंगरखा, असाही प्रकार त्यांत असतो, असें आमचें मत आहे.

ग्लेझरनें याच्याही पुढें जाऊन पाहिलें. इ. स. २००५ सालच्या त्याच्या 'स्पाइस ट्री' या व्हिस्कीसाठीं त्यानें पिंपाच्या आंत फ्रेंच ओकच्या नव्या फळ्या बसविल्या. स्कॉच व्हिस्की असोसिएशन या व्यापारी संघानें हें परंपरेस सोडून आहे म्हणून कोर्टाची धमकी दिली, आणि तें काम त्यास बंद करावें लागलें. इ. स. २००९ सालीं त्यानें तीच व्हिस्की दुसऱ्या युक्तीनें आणली: फळ्या आंत न टाकतां पिंपाचीं बुडेंच भाजलेल्या फ्रेंच ओकचीं बसविलीं. या प्रकरणांत आम्हांस संघ अगदींच चुकला असें वाटत नाहीं. आज फळ्या, उद्यां भुसा, परवां नुसता अर्क, अशी पायरी लागते. कोंकणच्या हापुसास इ. स. २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें तें अशाच भीतीमुळें. नांवास कुंपण हवें.

पण दुसऱ्या प्रकरणीं संघाची व कायद्याची बाजू आम्हांस मुळींच पटत नाहीं. इ. स. २०१५ सालीं ग्लेझरनें आपल्या दोन व्हिस्क्यांचा पुरा हिशेब प्रसिद्ध केला: कोणत्या भट्टीचा माल, शेंकडा किती, कोणत्या पिंपांतला, किती वर्षांचा. युरोपीय कायद्याप्रमाणें वय सांगावयाचें तर मिश्रणांतील सर्वांत कोंवळ्या मालाचेंच सांगतां येतें. म्हणून हा हिशेब बेकायदा ठरला व त्यास मागें घ्यावा लागला. नियमाचा मूळ हेतु चांगला होता. चमचाभर जुनी व्हिस्की घालून सारी बाटली जुनी म्हणून विकली जाऊं नये, एवढाच तो होता. परंतु पुरा हिशेब देणारा आणि अर्धा हिशेब देणारा यांस एकाच दोरीनें बांधणें हा न्याय नव्हे. त्याच कायद्यांत व्हिस्कीचा रंग सारखा दिसावा म्हणून जळक्या साखरेचा रंग घालण्याची मुभा आहे! रंग चढविण्यास मोकळीक, आणि खरें वय सांगण्यास बंदी.

इ. स. २०१६ सालीं ग्लेझरनें नियम बदलावा म्हणून चळवळ आरंभिली. इस्ले बेटावरील ब्रुकलॅडी भट्टीनें तीस पाठिंबा दिला. नियम बदलला नाहीं. तेव्हां त्यानें एक गमतीची बाटली काढली. तिच्यांत ३ वर्षांची व्हिस्की शेंकडा अर्ध्याहूनही कमी, आणि बाकी सारी पुष्कळ जुनी व महागडी. कायद्याबरहुकूम नांव मात्र 'तीन वर्षांची'! इ. स. २०२४ सालीं तो आपल्या पेढीवरून दूर झाला.

इतकें कौतुक केल्यावर आमची तक्रारही सांगतों. ग्लेझरच्या हिशेबांत भट्टी आहे, पिंप आहे, पिंपाच्या फ्रेंच ओकचें रानसुद्धां आहे. जव पेरणारा शेतकरी तेवढा नाहीं. एक टन मोडविलेल्या जवापासून सुमारें ४०० लिटर शुद्ध मद्यार्क निघतो. तो जव कोणत्या जमिनींत, कोणत्या हंगामांत आला हें कोणी विचारीत नाहीं, कारण लांकूड सगळें झांकून टाकतें अशी धंद्याची समजूत आहे. आयर्लंडांत वॉटरफर्ड येथील भट्टीनें ही समजूत खोडण्याचा यत्न केला. इ. स. २०१५ पासून तेथें एकेका शेताचा जव निराळा साठवून, निराळा गाळून, बाटलीवर त्या शेताचें नांव घालीत. इ. स. २०२१ सालीं तिच्या सहकार्यानें केलेलें संशोधन प्रसिद्ध झालें; दोन ठिकाणीं, दोन वर्षें वाढविलेल्या जवाच्या ताज्या मद्याच्या वासांत जमीन व हवामान यांचा फरक स्पष्ट उतरतो असें त्यांत दिसून आलें. पण नोव्हेंबर २०२४ मध्यें ही भट्टी रिसीव्हरच्या ताब्यांत गेली. शेतकऱ्याचें नांव बाटलीवर आलें म्हणजे धंदा आपोआप तरतो, असें आम्ही म्हणत नाहीं.

आमच्या देशाकडे वळावें तर हिशेब याहूनही अंधारांत आहे. बंगलोरच्या अमृतनें इ. स. २००४ सालीं ग्लासगो येथें आणि गोव्याच्या पॉल जॉननें इ. स. २०१२ सालीं लंडनांत देशी जवाची सिंगल माल्ट नेली व नांव मिळविलें. गोव्याच्या उष्ण्यानें दरसाल पिंपांतून उडून जाणारा भाग स्कॉटलंडच्या कित्येक पट असतो. तेथें व्हिस्की लौकर पिकते ती त्याच उष्ण्यानें. पण हा माल थोडका. व्हिस्की या नांवानें येथें खपणाऱ्या मालाचा मोठा भाग साखर कारखान्याच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कावर उभा राहिला, आणि युरोपांत व्हिस्की धान्याचीच असावी लागत असल्यानें तो माल तेथें त्या नांवानें विकतां येत नाहीं. मळी ही कांहीं लाजिरवाणी वस्तु नव्हे. उत्तम रम तिचीच होते. लाजिरवाणी आहे ती लपवालपवी. नगर-कोल्हापूरच्या ऊंसवाल्याचा माल परदेशी धान्याचा वेष घेऊन मिरवतो. मोल वेषाचें वाढतें, आणि ऊंसवाला कारखान्याच्या दाराशीं दराची वाट पाहात उभा असतो.

आमची मागणी लहान आहे. बाटलीच्या दर्शनी बाजूस, ठळक अक्षरांत व देशी भाषेंत, आंतील मद्यार्क मळीचा कीं धान्याचा, धान्याचा असल्यास कोणत्या धान्याचा आणि तें कोणत्या राज्यांत पिकलें, इतकें छापावें. शेताचें नांव घालावयाचें किंवा नाहीं हें ज्या त्या कारखानदारानें पाहावें. पहिल्या तीन गोष्टी मात्र कारखान्याच्या खरेदीवहींत आजही लिहिलेल्या असतात. त्या तेथून बाटलीवर उतरवावयाच्या आहेत.