फुकट नव्हे, सामाईक



न्यू जर्सीतली औषध कंपनी असो, हार्टफर्डची विमा कंपनी असो की एखाद्या विद्यापीठातली प्रयोगशाळा, आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या कामात 'आर' नावाचे संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर कुठे ना कुठे असतेच. ते फुकट मिळते, हे सगळ्यांना माहीत असते. ते सांभाळते कोण, असे विचारले की मात्र मंडळी एकमेकांकडे बघतात. "असेल गूगल नाहीतर मायक्रोसॉफ्ट," असे उत्तर मला एकदा एका अत्यंत हुशार मराठी इंजिनियरने दिले. उत्तर चूक आहे. या चुकीत आपल्या सगळ्यांचे थोडे नुकसान आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडा इतिहास. 'आर'चे मूळ आहे 'एस' ही भाषा. ती १९७६ च्या सुमारास न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी बनवली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन प्राध्यापकांनी त्या धर्तीवर स्वतःची भाषा लिहिली. ती विकायची की वाटायची, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. झुरिकच्या मार्टिन मॅख्लर यांनी आग्रह धरला आणि १९९५ साली ती जीपीएल परवान्याखाली खुली झाली. १९९७ मध्ये 'आर कोअर' हा सांभाळणारा गट तयार झाला, त्याच वर्षी व्हिएन्नामध्ये पॅकेजांचे सार्वजनिक भांडार 'क्रॅन' सुरू झाले, आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी १.०.० आवृत्ती आली. आज क्रॅनवर २० हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत. मूळ भाषा सांभाळणारा गट मात्र साधारण वीस जणांचा आहे. त्यातले बहुतेक प्राध्यापक. नोकरीच्या कामाला जोडून, रात्री-अपरात्री, शनिवार-रविवारी हे काम चालते.

या वीस जणांत एक भारतीय नाव आहे, दीपायन सरकार. मॅडिसनला विस्कॉन्सिन विद्यापीठात डॉक्टरेट करताना त्यांनी आलेख काढण्याचे 'लॅटिस' हे पॅकेज लिहिले, आणि आज ते 'आर'च्या प्रत्येक प्रतीबरोबर येते. सरकार दिल्लीच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवतात. अमेरिकेत शिकून भारतात परतलेला माणूस साऱ्या जगाचे सामान सांभाळतो आहे, आणि आपल्या गप्पांत त्याचे नाव कधी निघत नाही. आपल्या गप्पांत सीईओंची नावे निघतात!

देखभाल म्हणजे नेमके काय?

नवे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचे कौतुक होते, पेपर छापून येतो. देखभालीचे तसे नाही. कंपायलर बदलतो, ऑपरेटिंग सिस्टिम बदलते, दरवर्षी एप्रिलच्या आसपास 'आर'ची नवी आवृत्ती येते आणि काल चालणारा कोड आज अडतो. क्रॅन सगळी पॅकेजेस निरनिराळ्या यंत्रणांवर सतत तपासत असते. काही बिघडले तर पॅकेजच्या मेंटेनरला ईमेल जाते आणि मुदत दिली जाते. मुदतीत दुरुस्ती झाली नाही तर पॅकेज अडगळीच्या कपाटात, म्हणजे 'अर्काइव्ह'मध्ये जाते. त्यावर अवलंबून असलेली इतर पॅकेजेसही मग धोक्यात येतात.

काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो तिथे असेच झाले. आमच्या एका नेहमीच्या अहवालाला लागणारे पॅकेज अर्काइव्ह झाले. तातडीची मीटिंग बोलावली गेली. पहिला प्रश्न आला, "व्हेंडरचा सपोर्ट नंबर काय आहे?" व्हेंडर कोणीच नव्हता. एका तरुण संशोधकाने ते पॅकेज पीएचडी करताना लिहिले होते. पुढे त्याला विद्यापीठात जागा मिळाली नाही, तो दुसऱ्या क्षेत्रात गेला, आणि जुन्या पत्त्यावर जाणारी ईमेल वाचायला कोणी उरले नाही. आमच्या कंपनीने त्या कोडवर कित्येक वर्षे काम केले होते. त्या माणसाला या काळात एक आभाराची ओळसुद्धा कोणी लिहिली नव्हती. मीटिंगमध्ये याविषयी कोणालाच काही वाटले नाही, ही गोष्ट मला जास्त लागली.

याच्या उलट उदाहरणही आहे. नकाशे आणि भौगोलिक माहितीसाठी 'आरजीडाल', 'आरजीओएस' आणि 'मॅपटूल्स' ही पॅकेजेस वर्षानुवर्षे वापरात होती. ती सांभाळणारे रॉजर बिवंड हे नॉर्वेतल्या बर्गनचे प्राध्यापक निवृत्त होत होते. त्यांनी पुरेसा वेळ आधी जाहीर केले की ही पॅकेजेस बंद होतील. पर्याय कोणते ते सांगितले, अवलंबून असलेल्या पॅकेजांच्या लेखकांना पुन्हा पुन्हा कळवले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रीतसर बंद झाली. घरातल्या वडीलधाऱ्याने किल्ल्या-कागदपत्रे सगळ्यांना समजावून द्यावीत तसे. पण एका निवृत्त होणाऱ्या माणसाच्या सद्बुद्धीवर जगातले इतके काम अवलंबून असावे का?

'फुकट आहे म्हणजे भरवसा नाही'

हा आक्षेप मी वीस वर्षे ऐकतो आहे. त्याला एक खरे उदाहरण देतो. यादीतून यदृच्छेने नमुना निवडण्याचे 'सॅम्पल' हे 'आर'मधले अगदी प्राथमिक फंक्शन. यादी फार मोठी असेल तर त्याची निवड पूर्णपणे समसमान होत नाही, हे बर्कलीच्या केली ओटोबोनी आणि फिलिप स्टार्क यांनी दाखवून दिले. त्यावर चर्चा झाली. पेच असा की दुरुस्ती केली तर जगभरातले जुने निकाल जसेच्या तसे पुन्हा काढता येणार नाहीत, आणि न केली तर माहीत असलेली चूक पुढे चालू राहणार. शेवटी २०१९ च्या ३.६.० आवृत्तीत नवी पद्धत मुख्य केली आणि जुनी पद्धतही हवी त्याला निवडता येईल अशी ठेवली. चूक सापडली, ती जाहीर झाली, निर्णय झाला, आणि त्या निर्णयाची कारणे कोणालाही वाचता येतात. बंद सॉफ्टवेअरमध्ये अशी चूक असेल तर ती शोधणार कोण, आणि सापडली तर सांगणार कोण?

हा प्रश्न पुस्तकी नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठातल्या एका गटाने २००६ साली दावा केला की जनुकांच्या नोंदींवरून कोणत्या कर्करुग्णाला कोणते औषध लागू पडेल ते सांगता येते. त्या आधारावर खऱ्या रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रातले कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनी ती आकडेमोड पुन्हा करून पाहिली. जनुकांची यादी एका ओळीने सरकलेली होती, काही ठिकाणी 'औषध लागू पडते' आणि 'पडत नाही' ही लेबले उलटी लागली होती. त्यांनी आपले सगळे विश्लेषण कोडसकट २००९ मध्ये प्रसिद्ध केले. २०१० मध्ये चाचण्या थांबल्या आणि मूळ निबंध २०११ मध्ये मागे घेतला गेला. मूळ गटाने आपला कोड पहिल्या दिवशी उघड केला असता तर ही तपासणी कितीतरी लवकर झाली असती. कोणाच्या तरी आईला, भावाला चुकीचे औषध मिळण्याची शक्यता होती, हे विसरू नये.

आपण स्वतःला पुरोगामी म्हणवतो. बाबावाक्य प्रमाण मानायचे नाही, स्वतः तपासून पाहायचे, हे आपण अभिमानाने सांगतो. मग आकड्यांच्या बाबतीतही तपासण्याचे साधन सर्वांच्या हाती असणे हा पुरोगामी प्रश्न नाही काय? नांदेडच्या किंवा रत्नागिरीच्या कॉलेजातल्या मुलीला सरकारी सर्वेक्षणाचे आकडे स्वतः पडताळायचे असतील, तर तिने हजारो डॉलरचा परवाना कुठून आणावा? नव्वदच्या दशकात आपल्यातल्या कितीतरी जणांनी हे प्रश्न चोरीच्या सीडी वापरून सोडवले. आज ती मुलगी जे सॉफ्टवेअर उघडते, नेमके तेच न्यू जर्सीतला मोठ्या पगाराचा संख्याशास्त्रज्ञ उघडतो. पुण्याच्या सुधा पुरोहित, शरद गोरे आणि शैलजा देशमुख यांनी 'आर' वापरून संख्याशास्त्र शिकवणारे पुस्तक २००८ मध्येच लिहिले. आयआयटी मुंबईचा 'फॉसी' प्रकल्प तर सरकारी अनुदानावर ओपन सोर्स साधनांचा कॉलेजांत प्रसार करतो. तिकडे काम चालू आहे. आपले काय?

'कंपन्यांनी द्यावेत की पैसे!'

द्यावेतच. ज्यांची औषधे आणि जोखमीची गणिते यावर चालतात त्यांनी जरूर द्यावेत. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या 'आर कन्सॉर्शियम'मार्फत काही कंपन्या देतातही. पण कंपनीचे प्रेम ताळेबंदावर चालते. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये रेव्होल्यूशन अॅनालिटिक्स ही 'आर'वरची कंपनी विकत घेतली. क्रॅनची रोजची प्रत जपून ठेवणारी 'एमरान' ही सेवा तेव्हापासून मायक्रोसॉफ्टच्या नावाने चालली. १ जुलै २०२३ ला ती बंद झाली. ज्यांनी आपली कामे त्या पत्त्यावर बांधली होती त्यांची धावपळ झाली. कंपनीच्या दृष्टीने यात गैर काही नाही. पण ज्याच्यावर सगळ्यांचे काम चालते त्याची जबाबदारी एकाच धनिकावर टाकू नये, एवढा धडा यातून घ्यावा.

आणि थकलेल्या एकट्या माणसावरही टाकू नये. २०२४ च्या मार्च महिन्यात 'एक्सझेड' या डेटा दाबून लहान करणाऱ्या साधनात चोरदरवाजा सापडला. 'आर'सुद्धा हे साधन वापरते. त्याचा मेंटेनर एकटा, थकलेला. "लवकर कर, नाहीतर दुसऱ्याला दे" असा तगादा त्याच्यामागे लावला गेला, आणि मदतीला आलेल्या एका अनोळखी व्यक्तीने दोन-तीन वर्षांत विश्वास संपादन करून घात केला. अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनियरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो असा संशय आला, म्हणून जग वाचले. तगादा लावणाऱ्यांत एकानेही "मी काय मदत करू?" असे विचारले नव्हते.

सामाईक गोष्ट कशी सांभाळावी हे आपल्याला परक्यांकडून शिकायला नको. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम नद्यांवर फड पद्धतीने शेकडो वर्षे पाणी वाटले गेले. बंधारा सगळ्यांचा, पाट सगळ्यांचा, आणि पाटातला गाळ काढायचे कामही सगळ्यांचे. पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला मेहनताना मिळे. ज्याचे शेत भिजते त्याने गाळ काढायला यायचे, हा साधा नियम होता. आपली शेते गेली वीस वर्षे भिजताहेत!

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. हा पाट सगळ्यांना सारखा खुला नव्हता. निर्णय घेणारे बहुतेक युरोप-अमेरिकेतले गोरे पुरुष प्राध्यापक, आणि नवख्याला मिळणारी उत्तरे कधी कधी तुसडी. यावर बाहेर राहून नाके मुरडता येतात, किंवा आत जाऊन बदलता येते. गॅब्रिएला दि केरॉझ यांनी २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'आर-लेडीज' सुरू केले आणि आज जगभर त्याच्या शाखा आहेत. आत जाण्याचा मार्ग असा असतो.

मग आपण काय करायचे?

१. आपल्या रोजच्या कामात कोणती पॅकेजेस आहेत आणि ती कोण सांभाळते, याची यादी करा. एका दुपारचे काम आहे.

२. चूक सापडली तर नुसती कुरकुर न करता, ती पुन्हा घडवून दाखवणारे लहानसे उदाहरण मेंटेनरला सौजन्याने पाठवा. मदतपानातली चुकीची ओळ सुधारून पाठवणे हेही योगदानच आहे.

३. कंपनीकडे लेखी परवानगी मागा. अमेरिकेतल्या बहुतेक नोकरीच्या करारांत तुमच्या कोडवर कंपनी हक्क सांगते. कॅलिफोर्नियासारखी राज्ये त्याला काही मर्यादा घालतात, पण परवानगी हातात असलेली बरी. व्हिसावर असणाऱ्यांनी आधी वकिलाला विचारावे.

४. पैसे द्या. व्हिएन्नाचे 'आर फाउंडेशन' देणग्या घेते. टेक्सासमधली 'नमफोकस' ही संस्था वैज्ञानिक ओपन सोर्स प्रकल्पांना आधार देते आणि ती ५०१(सी)(३) आहे. गावच्या शाळेसाठी आपण कंपनीचे मॅचिंग वापरतो, तसे इथे वापरता येईल का, ते आपल्या एचआरला विचारा.

५. अधिकारपदावर असाल तर एखाद्या कर्मचाऱ्याचे महिन्यातले दोन दिवस देखभालीसाठी राखून ठेवा आणि वार्षिक मूल्यमापनात ते काम मोजा. जे मोजले जात नाही ते कोणी करत नाही, हे आपल्या धंद्याला वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे देणगीचा उत्साह मोठा आहे. नव्या इमारतीला, नव्या वर्गखोलीला पैसे लगेच जमतात. छप्पर गळते म्हणून मागितले तर जमत नाहीत, कारण छपरावर नावाची पाटी लागत नाही. 'आर'च्या छपरावरही लागणार नाही. तरीही पाऊस आपल्याही डोक्यावर पडणार आहे.

आपल्यापैकी कोणी एखादे पॅकेज सांभाळत असेल, किंवा सांभाळायला तयार असेल, तर जरूर कळवा. चार जण जमले तर महिन्यातून एक शनिवार सकाळ मी द्यायला तयार आहे. मतभेद असतील तर तेही कळवा, चर्चा करू.